तीन वर्षांची शिष्यवृत्ती, शंभर वर्षांची जमीन

जमिनीच्या ऱ्हासाचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून फिरून विझतो. एक बाजू म्हणते, प्रबंध पुष्कळ झाले. आता बांध घाला, चर खणा, गवत पेरा, झाडं लावा. धूप होते हे कळायला आणखी किती पीएचड्या लागणार आहेत? दुसरी बाजू म्हणते, ज्ञानाची किंमत करू नये. शिष्यवृत्त्या वाढवा, रक्कम वाढवा आणि बाकीचं विद्यापीठांवर सोपवा. पहिल्यांना संशोधन ही चैन वाटते. दुसऱ्यांना ते हिशेब न मागता करायचं दान वाटतं. भांडण होतं ते रकमेवर. तो पैसा किती काळासाठी, कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या अटींवर द्यायचा, याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

माझं म्हणणं असं: निधी द्यायलाच हवा, आणि तो विद्यार्थ्यांपर्यंतच पोचायला हवा. पण आज तो साधारणपणे जसा दिला जातो, म्हणजे एक विद्यार्थी, एक नवा विषय, तीन वर्षं आणि मग सगळं बंद, ती रचना निमशुष्क प्रदेशातल्या जमिनीला लागू पडत नाही. इथे पैसा आधी जागेला बांधला पाहिजे. ठरावीक पाणलोट, ठरावीक कुरणं, ठरावीक शेतं निवडावीत आणि त्यांची मोजणी पन्नास-साठ वर्षं तुटू देऊ नये. विद्यार्थ्यांनी तिथे एकामागून एक यावं, आधीच्यांच्या नोंदी हातात घ्याव्यात, आपला प्रश्न विचारावा आणि पुढच्यासाठी नोंदी ठेवून जावं.

हा आग्रह कशासाठी, हे कळायला निमशुष्क जमिनीचा स्वभाव पाहावा लागतो. एखाद्या ठिकाणी वर्षभरात पडणारा पाऊस आणि तिथल्या ऊन-वाऱ्याने उडून जाऊ शकणारं पाणी यांचं गुणोत्तर ०.२० ते ०.५० असलं, की तो प्रदेश निमशुष्क मानतात. पृथ्वीवरची सुमारे ४१ टक्के जमीन वेगवेगळ्या प्रकारच्या शुष्क पट्ट्यांत येते आणि तिथे दोन अब्जांहून अधिक माणसं राहतात. त्यातला निमशुष्क पट्टा सगळ्यात अवघड. पूर्ण वाळवंटात माती वाहून न्यायला पाऊसच नसतो. भरपूर पावसाच्या प्रदेशात झाडोरा माती धरून ठेवतो. मधल्या पट्ट्यात पाऊस माती वाहून नेण्याइतका पडतो, पण माती झाकून ठेवण्याइतकी हिरवळ जगवण्यापुरता पडत नाही. वॉल्टर लँगबाइन आणि स्टॅनली शूम यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या नद्यांच्या गाळाच्या नोंदी पावसाशी ताडून पाहिल्या, तेव्हा वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर परिणामकारक पाऊस असलेल्या प्रदेशांतून सर्वाधिक गाळ येतो असं त्यांना दिसलं. त्याहून कमी पाऊस असेल तरी गाळ कमी, जास्त असेल तरी कमी. म्हणजे जिथे माती सर्वांत नाजूक आहे, नेमकी तिथेच शेती आणि चराई यांवर कोट्यवधी लोकांचं पोट आहे.

आता काळाचा हिशेब पाहा. एक हेक्टर जमिनीवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर १० घनमीटर माती गेली. वजनात साधारण १३ टन. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तीन वर्षांत तीन मिलिमीटर गेले तरी नांगरटीच्या उंचसखलपणात ते हरवून जातात. शिवाय हे नुकसान दर वर्षी सारखं होत नाही. निमशुष्क प्रदेशातली बरीचशी धूप वर्षातल्या दोन-चार जोरदार वादळी सरींत होते, आणि त्याहून मोठी वाताहत दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात होते. विद्यार्थ्याची तीन वर्षं कोरडी गेली, तर त्याचा निष्कर्ष येणार की धूप नगण्य आहे. नेमक्या दुसऱ्या वर्षी मोठा पाऊस झाला, तर निष्कर्ष येणार की दोन पिढ्यांत इथे दगड उरतील. दोघेही प्रामाणिक, दोघांची मोजणी बरोबर, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे. याहून गंभीर अडचण अशी की, पाऊस कमी पडल्यामुळे गेलेली हिरवळ आणि जमीन खरोखर खंगल्यामुळे गेलेली हिरवळ थोड्या वर्षांत वेगळी ओळखताच येत नाही. पहिली पाऊस परतल्यावर परतते. दुसरी परतत नाही. पण पाऊस परतेपर्यंत मोजायला कुणी तिथे असलं पाहिजे ना?

या एका गल्लतीने विसाव्या शतकात केवढा गोंधळ घातला, याचा दाखला म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा साहेल पट्टा. वनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड स्टेबिंग यांनी १९३५ मध्ये जाहीर केलं की सहारा दक्षिणेकडे सरकतो आहे आणि पश्चिम आफ्रिका गिळणार आहे. त्यांचा प्रवास कोरड्या मोसमात झाला होता. लगेच १९३६-३७ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच वनतज्ज्ञांचा संयुक्त आयोग तिथे गेला आणि मोठ्या प्रमाणावर वाळवंट सरकत असल्याचा पुरावा नाही असं सांगून परतला. त्यानंतर त्या सीमेची सलग मोजणी झाली असती, तर पुढचं बरंच टळलं असतं. ती झाली नाही. १९७५ मध्ये, मोठ्या दुष्काळानंतर, ह्यू लँप्रे यांनी सुदानची पाहणी केली, १९५८ च्या वनस्पती नकाशाशी तुलना केली आणि निष्कर्ष काढला की १७ वर्षांत वाळवंट ९० ते १०० किलोमीटर पुढे आलं आहे. भागाकार केला की वर्षाला साडेपाच किलोमीटर. हा आकडा पुढे अनेक वर्षं भाषणांत, अहवालांत आणि वृत्तपत्रांत फिरत राहिला. जुन्या नकाशावरची वाळवंटाची सीमा जमिनीवर फिरून आखलेली नव्हती, ती ७५ मिलिमीटर पावसाच्या रेषेवरून काढलेली होती, हे किती जणांनी तपासलं?

ते तपासलं स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या भूगोलाच्या मंडळींनी. उल्फ हेल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रह चित्रं, हवाई छायाचित्रं, पिकांच्या उताऱ्याच्या नोंदी आणि प्रत्यक्ष जमिनीवरची पाहणी यांची सांगड घातली. लेनार्ट ऑल्सन यांचा १९८५ चा प्रबंध सुदानमधल्या याच निमशुष्क प्रदेशावर होता. पीएचडीचा प्रबंध! वाळवंटाची कड सरळ रेषेत पुढे येत असल्याचा पुरावा लुंडच्या मंडळींना मिळाला नाही. दुष्काळात हिरवळ आणि उत्पन्न कोसळलं, पाऊस सुधारल्यावर सावरलं, असं त्यांना दिसलं. पुढे १९९१ मध्ये कॉम्प्टन टकर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या काळातली उपग्रह निरीक्षणं मांडली. १९८४ च्या भीषण दुष्काळापर्यंत वाळवंटाची कड दोनशे किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला गेली होती, आणि पाऊस परतल्यावर ती पुन्हा उत्तरेकडे सरकली. ती कड मागेपुढे होत असते, हे तोवर बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

हे केवळ विद्वानांच्या आपापसांतल्या चर्चेपुरतं राहिलं नाही, म्हणून मी ते सांगतो आहे. वाळवंट चालून येतंय असं मानलं की उपायही तसेच सुचतात: झाडांची भिंत उभी करा, गुराख्यांना हटवा, चराई बंद करा. दोष ठरतो तिथे राहणाऱ्या माणसाचा. १९७५ मध्येच जूल चार्नी यांनी सिद्धान्त मांडला होता की अति चराईने उघडी पडलेली जमीन जास्त ऊन परावर्तित करते आणि त्यामुळे पाऊसच कमी होतो. सिद्धान्त बुद्धिमान होता, आणि जमीन व वातावरण यांचं नातं त्याने अभ्यासकांसमोर आणलं, हे श्रेय त्याचंच. पण साहेलमधल्या पावसाच्या चढउतारांमागे प्रामुख्याने महासागरांच्या पृष्ठभागाच्या तापमानातले बदल आहेत, असं २००३ मध्ये अलेसांद्रा जानिनी आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. मधल्या काळात किती पशुपालकांनी न केलेल्या अपराधाचा ठपका सोसला? चुकीच्या निदानाची किंमत कधीच संशोधनाच्या खर्चात धरली जात नाही. ती धरली, तर एका विद्यार्थ्याची फेलोशिप महाग की स्वस्त, याचं उत्तर वेगळं येईल.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केला पाहिजे. कितीतरी वेळा ज्ञान होतं, आणि तरी काही झालं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात डब्ल्यू. ई. वूड नावाच्या रेल्वे अभियंत्याने १९२४ मध्येच लिहून ठेवलं होतं की मूळची झाडं तोडली की जमिनीतलं आणि ओढ्यांतलं मीठ वाढतं. इंजिनांना लागणारं पाणी खारं होत चाललं होतं, त्यावरून त्याने कारण शोधलं होतं. खोल मुळांची झाडं गेली की भूजल वर येतं आणि शतकानुशतकं खाली साठलेलं मीठ बरोबर घेऊन येतं, हे कारण आजही बरोबर मानलं जातं. तरीही गव्हाच्या शेतीसाठी जंगल तोडणं पुढे कित्येक दशकं जोरात चालू राहिलं, आणि आज तिथली दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन क्षारपड झालेली आहे. मग संशोधनाचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे.

पण या उदाहरणातून ‘संशोधन थांबवा’ हा निष्कर्ष कसा निघतो? वूडच्या लेखानंतर जे झालं नाही, ते पाहा. कारण कळलं होतं. पण कोणत्या उतारावर, किती तोड झाल्यावर, किती वर्षांनी, किती मीठ वर येईल, हे कुणी मोजत बसलं नव्हतं. ‘मीठ वाढेल’ या वाक्यावर जंगलतोड थांबवायला कोणतंही सरकार धजावत नाही. ‘या पाणलोटात इतकी तोड झाली तर धरणाचं पाणी इतक्या वर्षांत पिण्यालायक राहणार नाही’ या वाक्यावर थांबवावी लागते. १९७६ मध्ये तिथल्या वेलिंग्टन धरणाच्या पाणलोटात तोडीवर कायद्याने निर्बंध आले, ते धरणाच्या पाण्यातलं वाढतं मीठ नोंदींत दिसत होतं म्हणूनच. याच सुमारास कोली नदीच्या खोऱ्यात काही छोटे पाणलोट राखून आणि काही तोडून फरक मोजण्याचे प्रयोगही सुरू झाले. एका अभियंत्याचं निरीक्षण आणि पहिली ठोस कारवाई यांत अर्धशतक गेलं. त्या अर्धशतकात संशोधनाचा पूर आला होता आणि लोकांनी तो दुर्लक्षिला, असं झालेलं नाही. वूडमागे कुणी उभं नव्हतं.

आणि ‘आधी काम, मग अभ्यास’ या घाईची फळंही आपल्यासमोर आहेत. वेडी बाभूळ घ्या. मूळची अमेरिका खंडातली ही प्रजाती. कोरड्या जमिनीवर झपाट्याने वाढते, सरपण देते, वाळू धरते, म्हणून आफ्रिकेत आणि आशियात ती हौसेने लावली गेली. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ पासून वनखात्याने ती लावली, ती खारटपणाला आळा घालण्याच्या चांगल्या हेतूनेच. तिने तिथलं गवत हटवलं आणि गुरांवर जगणाऱ्या समाजाची चराई खाल्ली. केनियात बरिंगो सरोवराच्या परिसरातही १९८० च्या दशकातल्या लागवडीची हीच गत झाली आणि गावकऱ्यांना न्यायालयात जावं लागलं. लागवडीआधी दहा वर्षं लहान तुकड्यांवर गवत आणि बाभूळ यांची झुंज कुणी मोजली असती, तर? चीनमधल्या लोएस पठाराचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण ते यशाचं उदाहरण आहे. १९९९ पासून तिथे उतारावरची शेती मोडून गवत आणि झाडं लावली गेली, आणि पीत नदीतला गाळ जुन्या सरासरीच्या तुलनेत खूपच कमी झाला. काम झालं, खरोखर झालं. तरीही २०१६ मध्ये संशोधकांनी इशारा दिला की नवी झाडं एवढं पाणी ओढत आहेत की त्या प्रदेशाच्या पाण्याची मर्यादा जवळ आली आहे. आणखी लागवड केली तर माणसांच्या वाट्याचं पाणी कमी पडेल. मोजणारे लोक तिथे होते म्हणून हे वेळेत कळलं. यशस्वी कामालाही, किंबहुना यशस्वी कामालाच, मोजणारे लागतात.

‘उपग्रह आहेत ना’ हा तिसरा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. तो पूर्ण चुकीचा नाही. लँडसॅट मालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना मोफत मिळतात. जमिनीच्या अभ्यासाला यामुळे जे मिळालं ते अमूल्य आहे, आणि साहेलचा घोळ निस्तरला गेला तोही बराचसा अशाच साधनांमुळे. पण उपग्रहाला दिसतो तो रंग. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत जमिनीच्या ऱ्हासासाठी १५.३.१ क्रमांकाचा निर्देशांक आहे. तो तीन गोष्टींवर उभा आहे: जमिनीवरचं आच्छादन, तिची उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब. उत्पादकता मोजायची ती मुख्यतः उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवेपणावरून. आता ज्या कुरणात गवत संपून काटेरी झुडपं माजली, ते कुरण वरून जास्त हिरवं दिसतं आणि वर्षभर हिरवं दिसतं. तिथे गाईला खायला काही नाही, दोन झुडपांच्या मधली माती उघडी आहे, वारा ती नेतो आहे. नकाशावर मात्र सुधारणा. हे कुणी सांगायचं? तिथे उकिडवं बसून झुडपाखालची आणि झुडपांमधली माती वेगवेगळी गोळा करणाऱ्यानेच. वीस-तीस वर्षांपूर्वी जगाच्या ऱ्हासाचे आकडे इतके वेगवेगळे होते की शुष्क प्रदेशांपैकी १० ते २० टक्के बिघडले आहेत असंही म्हणता येई आणि ७० टक्के असंही. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१८ मध्ये वाळवंटीकरणाचा नवा जागतिक अ‍ॅटलास काढला, तेव्हा साऱ्या जगाच्या ऱ्हासाचा एकच एक नकाशा देणं त्यांनी टाळलं, आणि वेगवेगळे पुरावे कुठे एकत्र येतात एवढंच दाखवलं. मला तो निर्णय अतिशय प्रामाणिक वाटतो. आणि त्याचा अर्थ सरळ आहे: वरून दिसणाऱ्या खुणांचा अर्थ स्थानिक पातळीवरच लावावा लागणार आहे, आणि तिथे जाणारी माणसं कमी पडत आहेत.

प्रबंध धूळ खात पडतात, हा आरोप मी पूर्णपणे मान्य करतो. कितीतरी प्रबंध छोट्या जागेवर, छोट्या काळात, आधी झालेल्या कामाची दखल न घेता केलेले असतात. कच्च्या नोंदी विद्यार्थ्याच्या संगणकात राहतात आणि संगणकाबरोबर जातात. दहा वर्षांनी दुसरा विद्यार्थी त्याच टेकडीवर जातो, तेव्हा आधीचे खुंट कुठे ठोकले होते हे सांगणारं कुणी नसतं. पण हा दोष विद्यार्थ्यांचा आहे का? निधीच्या अटीच जर ‘नवा विषय’ मागत असतील, जुन्या जागेची फेरमोजणी ‘मौलिक नाही’ म्हणून फेटाळली जात असेल आणि फील्डवर्कचा खर्च पहिल्या झटक्यात कापला जात असेल, तर विद्यार्थी काय करणार? तो घरी बसून उतरवता येतील अशा चित्रांवर काम करणार. दर तीन वर्षांनी विहीर नव्या ठिकाणी खणायची आणि पाणी लागण्याआधी सोडून द्यायची, असं हे चाललं आहे.

याच्या उलट जिथे घडलं, तिथे काय मिळालं ते पाहू. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात १९१७ मध्ये एफ. एल. डुली आणि एम. एफ. मिलर यांनी उतारावर लहान वाफे आखून वाहून जाणारी माती गोळा करून तोलायला सुरुवात केली. तेव्हा या कामाला कुणी तातडीचं म्हटलं नसतं. १९२९ मध्ये तिथल्या संसदेने धूप-संशोधन केंद्रांसाठी पैसा मंजूर केला, तोही धुळीची महाभयंकर वादळं येण्याआधी. त्यामुळे १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा व्हायच्या वेळी, त्यासाठी झटणारे मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट यांच्यापाशी नुसती भाषणं नव्हती, तोललेली माती होती. पुढे अशाच दहा हजारांहून अधिक वाफे-वर्षांच्या (एक वाफा एक वर्ष मोजला की एक वाफा-वर्ष) नोंदींवर वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांचं धुपीचं समीकरण उभं राहिलं, जे आजही जगभर वापरलं जातं. यातच निमशुष्क प्रदेशांसाठी एक अडचणही आहे: त्या नोंदी मुख्यतः जास्त पावसाच्या पिकाऊ प्रदेशातल्या होत्या. मोठ्या घळींतून जाणारी, वाऱ्याने उडणारी माती त्या समीकरणात येतच नाही. तरी ते कोरड्या प्रदेशांवर सर्रास लावलं जातं, कारण तिथे तशा नोंदींचा साठा फारच थोड्या ठिकाणी आहे.

थोड्या ठिकाणी, पण आहे. न्यू मेक्सिकोतलं होर्नाडा संशोधन क्षेत्र १९१२ चं. गवताळ माळाचं झुडपी माळात रूपांतर कसं होतं, पोषणद्रव्यं झुडपांखाली कशी गोळा होतात आणि मधली जमीन कशी उघडी पडते, हे तिथे शंभर वर्षांच्या नोंदींतून उलगडलं. अ‍ॅरिझोनातला वॉलनट गल्चचा पाणलोट १९५३ पासून मोजला जातो. मला सर्वांत जवळचं वाटतं ते दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कूनामोर. अ‍ॅडलेड विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक टी. जी. बी. ऑस्बर्न यांनी १९२५ मध्ये मेंढ्यांनी ओरबाडलेल्या जमिनीचा एक तुकडा कुंपण घालून राखला, आणि तेव्हापासून विद्यापीठातली माणसं तिथे जाऊन तीच झाडं, तेच चौकोन, त्याच जागांवरून काढलेली छायाचित्रं नोंदवत आली. मेंढ्या गेल्या तरी काही झाडांची नवी रोपं उभी राहीनात, कारण ससे ती खात होते. सशांचा बंदोबस्त झाल्यावरच ती वाढली. तीन वर्षांचा प्रबंध यावर काय म्हणाला असता? ‘कुंपणाचा उपयोग नाही.’ पन्नास वर्षांनी कळलं की कुंपण बरोबर होतं, पण अपुरं होतं.

मग असा पैसा कायमस्वरूपी संस्थांना आणि पगारी शास्त्रज्ञांनाच का देऊ नये? विद्यार्थी कशाला हवेत? हा आक्षेप मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो, कारण माझ्याच युक्तिवादातून तो निघतो. संस्था हव्यातच. पण दीर्घ मोजणीची एक वाईट खोड असते: मोजणाऱ्यांना मोजण्याचीच सवय लागते आणि प्रश्न विचारणं थांबतं. जुन्या समजुतींना नवा माणूस धक्का देतो. लुंडमध्ये तेच घडलं. मोठ्या अधिकाराने सांगितलेला आकडा एका विद्यापीठाच्या विभागातल्या लोकांनी, पीएचडी करणाऱ्यांसह, उलगडून पाहिला. दक्षिण आफ्रिकेत जॉन अकॉक्स यांनी १९५३ मध्ये सांगितलं होतं की कारूचा झुडपी माळ पूर्वेच्या गवताळ प्रदेशात घुसतो आहे. कित्येक वर्षं ते शेती धोरणाचं गृहीतक राहिलं. १९९० मध्ये टिम हॉफमन आणि रिचर्ड काउलिंग यांनी जुनी छायाचित्रं घेऊन त्याच जागांवर पुन्हा उभं राहून पाहिलं, आणि ते गृहीतक डळमळलं. शिवाय विद्यार्थी तिथेच राहत नाहीत. त्यांतले काही पुढे मृदसंधारणाच्या खात्यात जातात, काही शिकवतात, काही गावांबरोबर काम करतात. चार वर्षं एका माळावर घालवलेला माणूस उद्या योजनेच्या फाइलवर सही करणार असेल, तर तो कोणत्या ठिकाणी चर खणायला नको म्हणेल, याचं मोल कसं करायचं?

बाहेरून येणारे विद्यार्थी स्थानिकांकडून माहिती घेऊन निघून जातात, ही तक्रारही खरी आहे, आणि तिचं उत्तर लांब पल्ल्याच्या कामातच आहे. नायजरच्या दक्षिणेत शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या बुंध्यांना फुटणारे कोंब राखून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आणली. तज्ज्ञांना हे उशिरा कळलं, कारण दीर्घकाळ त्याच गावांत कुणी अभ्यासक नव्हते. केनियातला मचाकोस जिल्हा १९३० च्या दशकात अधिकाऱ्यांनी जवळजवळ मोडीत काढला होता. पुढच्या साठ वर्षांत तिथली लोकसंख्या पाचपटीच्या आसपास वाढली आणि धूप कमी झाली, कारण लोकांनी मजगी, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारखी सपाट शेतं, घातली आणि बाजार जवळ आला. एका भेटीत काढलेला निष्कर्ष माणसांवर अन्याय करतो. वारंवार परतणारा विद्यार्थी तो दुरुस्त करू शकतो, विशेषतः तो तिथली भाषा बोलणारा असेल तर.

म्हणून निधी देणाऱ्यांकडे माझ्या मागण्या अगदी व्यवहाराच्या आहेत. आधीच्या विद्यार्थ्याच्या वाफ्यांची फेरमोजणी पीएचडीच्या पात्रतेची मानावी. मुदत पाच वर्षांची असावी, आणि मोठा पाऊस शेवटच्या वर्षी आला तर ती एका पावसाळ्यापुरती वाढवता यावी. कच्च्या नोंदी, खुंटांच्या जागा आणि मोजण्याची पद्धत सार्वजनिक भांडारात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये. ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष यशस्वी प्रबंधाचा निष्कर्ष मानला जावा. आणि विद्यार्थ्याला मोजणीचा स्वस्त मजूर करू नये. हा धोका खरा आहे. जागा टिकवायची म्हणून त्याच्या डोक्यावर रोजच्या नोंदींचं ओझं टाकलं, तर त्याचा स्वतःचा प्रश्न मरतो. त्यासाठी तिथलाच एक माणूस पूर्ण पगारावर, निवृत्तीपर्यंतच्या नोकरीवर हवा. पर्जन्यमापक वाचणारा, वादळानंतर त्याच दिवशी गाळाची टाकी रिकामी करून माती तोलणारा, कुंपण दुरुस्त करणारा, एका विद्यार्थ्याच्या जाण्यापासून दुसऱ्याच्या येण्यापर्यंतच्या महिन्यांत वही कोरी राहू न देणारा. प्रबंधांच्या आभारात ज्याचं नाव शेवटी येतं आणि अंदाजपत्रकातून सर्वांत आधी जातं, तो हाच माणूस. जमिनीच्या ऱ्हासावरच्या प्रत्येक निधी-प्रस्तावात पहिली ओळ त्याच्या पगाराची असावी आणि विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा आकडा त्यानंतर लिहिला जावा.